आहारतज्ज्ञाची नोंद: वॉर्डात नव्यानं रुजू झालेल्यांसाठी

नोकरीला लागून मला दीड वर्ष झालं होतं. बीडकडच्या एका खेड्यातल्या आजी आठ महिन्यांत तिसऱ्यांदा भरती झाल्या होत्या. या वेळी न्यूमोनिया होता. डॉक्टरांनी डाएट रेफरन्स (आहारतज्ज्ञाला बोलावणारी चिठ्ठी) लिहिला म्हणून मी जुनी फाईल मागवली. आधीच्या दोन्ही वेळच्या आहाराच्या नोंदी सापडल्या आणि दोन्हींत जवळपास एकच वाक्य होतं: 'उच्च उष्मांक, उच्च प्रथिने आहार समजावून सांगितला. रोज २ अंडी, मोडाची कडधान्ये, शेंगदाणे.' पहिली नोंद माझ्या आधीच्या सहकारी ताईंची होती आणि दुसरी माझी.

खाटेवर बसलेल्या आजींच्या गळ्यात तुळशीची माळ होती. तोंडात वरचा एकही दात नव्हता. म्हणजे अंडं त्यांना चालणार नव्हतं, आणि मोडाचे मूग नि शेंगदाणे चावता येणार नव्हते. आम्ही दोघींनी लिहिलेल्या तीनपैकी एकही गोष्ट त्यांच्या पोटात जाणं शक्य नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी ४६ किलो असलेलं वजन मधल्या भरतीत ४३ झालं होतं, आणि आता ३८.

आहारशास्त्राचं शिक्षण संपवून नुकत्याच एखाद्या जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या दवाखान्यात रुजू झालेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी अख्ख्या इमारतीला एकच आहारतज्ज्ञ असतो. शिकवायला वरिष्ठ कुणी नसतं आणि रोजच्या रेफरन्सची रांग थांबत नाही. अशा वेळी एक ठरलेली पद्धत हाताशी असली की आपण पेशंटला काय विचारायचं विसरलो, हे कागदच आपल्याला सांगतो.

या पद्धतीला न्यूट्रिशन केअर प्रोसेस म्हणतात. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेनं ती २००३ साली स्वीकारली. तेव्हा त्या संघटनेचं नाव अमेरिकन डाएटेटिक असोसिएशन होतं, २०१२ पासून ती अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन अँड डाएटेटिक्स म्हणून ओळखली जाते. आज अनेक देशांत हीच पद्धत शिकवतात. या पद्धतीच्या चार पायऱ्या आहेत: तपासणी, आहारनिदान, उपाययोजना आणि देखरेख-मूल्यमापन. इंग्रजी आद्याक्षरं जोडून नोंदीच्या नमुन्याला 'अडाइम' म्हणतात.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करते. पद्धत प्रमाणित केली म्हणजे सगळ्यांना एकच डाएट शीट वाटायचं, असं नाही. विचारायचे प्रश्न, मोजायच्या गोष्टी आणि लिहायचा क्रम प्रत्येक पेशंटसाठी सारखे असतात. ताटात काय पडेल ते मात्र प्रत्येकाचं वेगळंच असतं. छापील 'डायबेटिक डाएट'चा कागद हातात देऊन मोकळं होण्याची सवय लागली असेल, तर ती आधी मोडा.

पहिलं काम: कुणाकडे आधी जायचं

चाळीस खाटांच्या वॉर्डात एकटीनं सगळ्यांची सविस्तर तपासणी होत नाही. म्हणून चार पायऱ्यांच्या आधी स्क्रीनिंग येतं, आणि ते सिस्टरांनी भरतीच्या वेळीच करावं. पहिल्या २४ तासांत झालं तर उत्तम. मोठ्या माणसांसाठी 'मस्ट' नावाचं साधन सोपं आहे, त्यात तीनच गोष्टी पाहतात. बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा) २० च्या वर असेल तर शून्य गुण, १८.५ ते २० असेल तर १, त्याखाली २. गेल्या तीन ते सहा महिन्यांत आपोआप घटलेलं वजन ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर शून्य, ५ ते १० टक्के असेल तर १, त्याहून जास्त असेल तर २. आणि तीव्र आजारामुळे पाच दिवसांपेक्षा जास्त काळ पोटात काहीच गेलेलं नसेल किंवा जाणार नसेल, तर आणखी २. बेरीज २ किंवा त्याहून जास्त झाली की आहारतज्ज्ञाला बोलवायचं. १ आली तर तीन दिवस खाणं लिहून ठेवायचं. शून्य आला तर आठवड्यानं पुन्हा पाहायचं.

आजींची उंची १४८ सेंटिमीटर. ३८ किलोला बीएमआय १७.३ येतो, म्हणजे २ गुण. तीन महिन्यांत ४३ वरून ३८, म्हणजे ११.६ टक्के घट, आणखी २ गुण. एकूण ४. असे गुण मागच्या भरतीतच कुणी काढले असते, तर माझं ते एका ओळीचं वाक्य मला स्वतःलाच अपुरं वाटलं असतं.

पेशंट उठू शकत नसेल तर दंडाचा घेर मोजा. तो २३.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर बीएमआय २० च्या खाली असण्याची शक्यता असते. उंचीचा अंदाज हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाच्या लांबीवरून काढता येतो, त्याचा तक्ता मस्टसोबतच मिळतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी हे साधन वापरू नका. तिथे दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला की ते तीव्र कुपोषण, आणि त्या बाळाची वाट वेगळी असते.

सिस्टरांवर कामाचा भार किती असतो हे आपण रोज पाहतो. नवा फॉर्म घेऊन जाऊन 'हे भरा' म्हटलं तर तो कोराच राहील. मी त्यांच्यासोबत दोन आठवडे सकाळच्या पाळीत उभी राहिले. वजन करताना काटा मीच ओढत नेत असे, आकडा त्या लिहीत. मग तो फॉर्म आपोआप त्यांच्या भरतीच्या कागदांत जाऊन बसला.

काट्याचं सांगायचंच राहिलं. वॉर्डातला वजनकाटा दर सोमवारी ५ किलोचं प्रमाणित वजन ठेवून तपासा आणि काट्याजवळच तारीख लिहून ठेवा. माझ्या एका काट्यात दीड किलोचा फरक निघाला होता. ३८ किलोच्या माणसाच्या बाबतीत दीड किलो म्हणजे सगळं गणितच बदलतं.

दुसरं काम: तपासणी

तपासणीचे पाच कप्पे असतात: आहाराचा इतिहास, शरीराची मापं, रक्ताचे व इतर तपास, अंगावर दिसणाऱ्या खुणा आणि पेशंटची पार्श्वभूमी. नोंदीतही याच क्रमानं लिहा. मापं आणि रिपोर्ट फाईलमध्ये मिळतात, त्यावर फार रेंगाळत नाही. दोनच गोष्टी लक्षात ठेवा. भारतीयांमध्ये २३ च्या पुढचा बीएमआय जादा वजनात धरतात. आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी आलं म्हणून कुपोषण लिहू नका. संसर्ग किंवा सूज असली की ते खाली येतं, त्यावरून खाण्याचा अंदाज बांधता येत नाही.

खरी मेहनत आहाराच्या इतिहासावर आहे. 'जेवण कसं आहे?' विचारलं की 'बरं हाय' असंच उत्तर येतं. त्यापेक्षा काल सकाळपासून सुरुवात करा. उठल्यावर पहिल्यांदा तोंडात काय गेलं? त्यानंतर? चहा किती वेळा, कपात की बशीत, सोबत खारी की टोस्ट? दुपारी भाकरी कुणी केली? मधे तंबाखू, मिश्री? रात्री जेवलात की दूध पिऊन झोपलात? मग कालचा दिवस नेहमीसारखा होता का, हे विचारायचं. एकादशी, चतुर्थी, गुरुवार यांतला एखादा दिवस निघतोच. भगर आणि साबुदाण्याच्या दिवसाचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो, आणि इन्सुलिन घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो दिवस विचारलाच नाही तर साखर अचानक का घसरली हे कधीच कळत नाही.

'दोन भाकरी' हे माप नव्हे. एका घरच्या भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागतं, दुसऱ्या घरी १२०. ज्वारीच्या १०० ग्रॅमला साधारण ३३४ किलोकॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिनं मिळतात. म्हणजे दोन घरच्या एकेका भाकरीतच जवळजवळ २०० किलोकॅलरींचा फरक पडतो. मी टेबलावर तीन आकारांच्या वाट्या, एक पळी, एक पोहे-चमचा आणि पुठ्ठ्याच्या कापलेल्या तीन गोल भाकऱ्या ठेवते. बायका पुठ्ठ्यावर बोट ठेवून 'एवढी' म्हणतात आणि जाडी बोटांनी दाखवतात. वरण घट्ट की पातळ, तेही पळीवरून खाली सोडून दाखवायला सांगते. आकडेमोडीसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे भारतीय अन्नघटक तक्ते वापरा. त्यात ५२८ पदार्थ आहेत. जुन्या पुस्तकातले आकडे आणि या तक्त्यांतले आकडे एकाच नोंदीत मिसळू नका.

मराठवाड्यात आणखी तीन प्रश्न विचारल्याशिवाय इतिहास पूर्ण होत नाही, असं मला वाटतं. घरात सध्या कोण कोण आहे? रेशनवर काय मिळतं? पाणी कुठून आणता? बीड, जालना, धाराशिव भागांत दिवाळीनंतर घरातली कमावती माणसं उसतोडीला जातात. त्या चार-पाच महिन्यांत गावात म्हातारी माणसं आणि नातवंडं उरतात. रेशनचा गहू-तांदूळ घरात असतो, ज्वारी बहुतेकदा विकत घ्यावी लागते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला 'दिवसातून सहा वेळा थोडं थोडं शिजवून खा' सांगितलं, तर ती मान डोलावते आणि घरी जाते. मान डोलावली म्हणून पटलं असं समजू नका.

आजींना मी काल काय काय खाल्लं ते विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "भाकर चावंना मला. आमटीत कुस्करून गिळते. तीबी अर्धीच जाती." पोरं कुठं आहेत विचारलं तर म्हणाल्या, "ल्योक-सून कारखान्याला गेलेत. दोन लेकरं माझ्यापाशी." सकाळी चहा आणि दोन टोस्ट चहात बुडवून, दुपारी अर्धी भाकर येसराच्या आमटीत, चार वाजता चहा, रात्री अर्धी भाकर आणि अर्धा कप दूध. नातवंडांचं झालं की उरलेलं वरण. हिशोब केला तर सगळं मिळून साधारण ६४० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. त्यांच्या वजनाला ३० किलोकॅलरी प्रतिकिलोनं १,१४० हव्यात आणि आजारपणात १.२ ते १.५ ग्रॅम प्रतिकिलोनं ४६ ते ५७ ग्रॅम प्रथिनं. गरजेच्या ५६ टक्के उष्मांक, आणि प्रथिनं निम्म्याहूनही कमी.

मग अंगाकडे पाहिलं. कानशिलं खोल गेलेली, गळ्याजवळची हाडं वर आलेली, दंडाची कातडी सैल. पायावर सूज नव्हती, हे मुद्दाम लिहिलं, कारण सूज असती तर ३८ किलोतले काही किलो पाण्याचे निघाले असते. तोंड उघडायला सांगितलं. एवढं एकच काम आम्ही आधी केलं असतं, तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं.

तिसरं काम: आहारनिदान

नवीन मुलं सगळ्यात जास्त इथे अडखळतात. निदान म्हटलं की 'मधुमेह', 'किडनी निकामी', 'टीबी' लिहितात. ते डॉक्टरांचं निदान झालं. आपलं निदान म्हणजे आहाराने ज्याच्यात फरक पडू शकतो अशी अडचण. ती एका वाक्यात लिहायची आणि त्या वाक्याला तीन भाग असतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'पी-ई-एस' म्हणतात. मी शिकवताना मराठीत अडचण, मूळ आणि खुणा असे शब्द वापरते. अडचण काय आहे, ती कशामुळे आहे, आणि ती आहे हे कशावरून म्हणता.

अडचणींची नावं मनानं बनवायची नाहीत, प्रमाणित यादीतूनच घ्यायची. त्या यादीचे मुख्य तीन गट आहेत: पोटात काय आणि किती जातं, शरीराच्या स्थितीशी संबंधित अडचणी, आणि सवयी-परिस्थिती. फाईलमध्ये ही नावं इंग्रजीतच लिहिली जातात आणि ती तशीच राहू द्यावीत. म्हणजे पेशंट नांदेडहून हैदराबादला किंवा बीडहून पुण्याला गेला तरी तिथल्या आहारतज्ज्ञाला त्याच शब्दाचा तोच अर्थ कळतो.

आजींसाठी मी तेव्हा लिहिलेलं वाक्य मराठीत असं होतं: 'तोंडावाटे अन्न अपुरे जाणे, कारण वरचे दात नसल्याने भाकरी व कडधान्ये चावता न येणे आणि घरातील कमावती माणसे स्थलांतरित असल्याने स्वयंपाकाचा भार एकटीवर असणे, खुणा: अंदाजे ६४० किलोकॅलरी (गरजेच्या ५६ टक्के) व २० ग्रॅम प्रथिने, ३ महिन्यांत ११.६ टक्के वजनघट, कानशिले व दंडाचे स्नायू घटलेले.'

हे वाक्य आणि माझी जुनी नोंद शेजारी ठेवून पाहा. जुन्या नोंदीत 'कशामुळे' हा भागच नव्हता. मूळ लिहिलेलं नसलं की उपाय हवेत मारलेल्या दगडासारखा होतो, कुठेही जाऊन पडतो. म्हणून नवीन मुलांना मी एकच आग्रह धरते: बाकी घाईत काही राहिलं तरी चालेल, मधला भाग रिकामा ठेवू नका. 'कारण: आहाराविषयी अज्ञान' हे तर शक्यतो लिहूच नका. कित्येकदा ते खरं नसतं, आपल्याला विचारायला वेळ मिळालेला नसतो. आजींना काय खावं हे माहीत नव्हतं असं नाही. चावता येत नव्हतं.

वाक्य लिहून झालं की त्याला तीन प्रश्न विचारा. ही अडचण माझ्या कामानं कमी होऊ शकते का? मी देणारा उपाय त्या मुळावर बसतो का? आणि आठवड्यानं मी त्याच खुणा पुन्हा मोजू शकते का? एकाचंही उत्तर 'नाही' आलं तर वाक्य पुन्हा लिहा. एका पेशंटसाठी एक किंवा दोन निदानं पुरे. पाच-सहा लिहिलीत तर त्यातलं एकही धड हाताळलं जात नाही.

पेशंटचे शब्द प्रमाणित शब्दांशी जोडण्याची एक वही ठेवा. 'घास उतरत नाही' म्हणणारा माणूस कधी गिळायला त्रास सांगत असतो, कधी भूकच नाही असं. 'पोट धरतं', 'तोंडाला चव नाही', 'गळाटल्यावानी होतं' या प्रत्येकाच्या मागे पुढचा एक प्रश्न विचारावा लागतो. ते शब्द पेशंटच्याच तोंडचे म्हणून अवतरण चिन्हांत लिहा आणि तुमचा निष्कर्ष वेगळ्या ओळीवर.

चौथं काम: उपाय

उपाय मुळाच्या दिशेनं जायला हवा. आजींच्या बाबतीत तो तीन ठिकाणी गेला.

पहिलं म्हणजे ताट. वॉर्डाच्या स्वयंपाकघरातल्या मावशींना भेटून भाकरी बंद केली आणि त्याच ज्वारीच्या कण्या शिजवून ताक-दूध घालून द्यायला सांगितल्या. सकाळी आंबील, त्यात दोन चमचे दूध पावडर. दुपारी उडदाचं घुटं आणि मऊ मुगाची खिचडी, वरून एक चमचा तूप. संध्याकाळी हुलग्याचं माडगं. शेंगदाणे चावायला नको म्हणून बारीक कूट, तेही माडग्यात मिसळून. हे सगळे पदार्थ त्यांच्या ओळखीचे होते, म्हणून काही समजावून सांगावं लागलं नाही. बाजारात मिळणारी प्रोटीन पावडर मी लिहिली नाही. घरी गेल्यावर तो डबा परवडणार नव्हता. आणि जे घरी चालणार नाही ते वॉर्डात सुरू केलं, तर डिस्चार्जच्या दिवशी उपचारच बंद पडतो.

इथे एक धोक्याची गोष्ट आहे, ती नीट वाचा. फार दिवस कमी खाल्लेल्या माणसाला एकदम पोटभर खायला घातलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं खाली येऊ शकतं आणि जीवावर बेतू शकतं. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. बीएमआय १६ च्या खाली, तीन ते सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त वजनघट, दहा दिवसांहून जास्त काळ जवळजवळ उपाशी, किंवा हे क्षार आधीच कमी, यांतलं एक असलं तरी धोका मोठा. बीएमआय १८.५ च्या खाली, १० टक्क्यांहून जास्त घट, पाच दिवसांहून जास्त उपासमार, दारूचं व्यसन, यांतल्या दोन गोष्टी असल्या तरीही तसंच. आजी दोन निकषांत बसत होत्या. म्हणून खायला वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलून तिन्ही क्षार तपासायला सांगितले, थायमिनबद्दल (ब१ जीवनसत्त्वाबद्दल) त्यांनी निर्णय घेतला, आणि १,१४० चं उद्दिष्ट पहिल्याच दिवशी न गाठता आठवड्याभरात गाठायचं ठरवलं. नोंदीत हे सगळं लिहा: कुणाशी बोललात, किती वाजता, काय ठरलं.

दुसरं ठिकाण म्हणजे दात. दंत विभागाकडे कवळीसाठी रेफरन्स. खरं तर हे डॉक्टर किंवा सिस्टरही करू शकल्या असत्या. पण दात नसल्यामुळे खाणं थांबलंय हे फाईलमध्ये लिहिलेलं नव्हतं, म्हणून कुणाच्याच डोक्यात ते आलं नव्हतं. निदानाच्या वाक्यात 'दात' हा शब्द आल्यावर राउंडला डॉक्टरांनी स्वतःच विचारलं, "डेंटलला दाखवलं का?"

तिसरं ठिकाण म्हणजे घर. शेजारच्या सुनेला बोलावून घेतलं, तीच आजींना घेऊन आली होती. कण्या आणि घुटं नातवंडांनाही चालतं, म्हणजे दोनदा स्वयंपाक करायला नको, एवढं तिला पटलं. गावातल्या आशाताईंसाठी दोन ओळींची चिठ्ठी दिली: दर पंधरा दिवसांनी वजन, ३८ च्या खाली आलं तर लगेच परत पाठवा.

पाचवं काम: देखरेख

देखरेख म्हणजे 'पेशंट बरी आहे, आहार चालू ठेवा' असं लिहून सही करणं नव्हे. निदानाच्या वाक्यात ज्या खुणा लिहिल्या त्याच पुन्हा मोजायच्या आणि आधीच्या आकड्याशेजारी नवा आकडा लिहायचा. तिसऱ्या दिवशी आजींचं खाणं ८५० च्या आसपास गेलं, क्षार ठीक होते. सातव्या दिवशी १,०६० किलोकॅलरी, ४१ ग्रॅम प्रथिनं, वजन ३८.४. उद्दिष्ट पूर्ण झालं नव्हतं, आणि तसंच लिहिलं: 'प्रगती आहे, उद्दिष्ट गाठलेले नाही.' न गाठलेलं उद्दिष्ट लिहायला लाजू नका. पुढच्या माणसाला सगळ्यात उपयोगी पडते ती हीच ओळ.

ताटात किती उरलं ते पाहायला जेवणाच्या वेळी वॉर्डात जा. पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण, एवढ्या चार खुणा पुरतात. दुपारी एकला वॉर्डात उभं राहिल्यावर जे कळतं ते चार वाजता विचारून कळत नाही. नातवाच्या डब्यात जाणारी खिचडी मी अशीच पाहिली. त्यानंतर लेकरांसाठीही एक वाटी जास्त पाठवायला सांगितली.

नोंद कशी लिहायची

तारीख, वेळ, नाव, सही हे प्रत्येक नोंदीला हवंच. चुकलं तर एक रेघ मारा, बाजूला सही करा आणि बरोबर लिहा. व्हाइटनर लावू नका, गिरवू नका. स्वतः बनवलेली संक्षिप्त रूपं वापरू नका. 'पेशंट ऐकत नाही', 'नातेवाईक बेजबाबदार' असली वाक्यं फाईलमध्ये लिहू नका. जे पाहिलं तेच लिहा: 'सकाळचे आंबील घेतले नाही, "आंबट लागतं" म्हणाल्या.' त्या ओळीवरून पुढची व्यक्ती ताकाऐवजी दूध घालेल.

पहिल्या नोंदीला अर्धा-पाऊण तास लागेल. काळजी करू नका. महिनाभरात तो पंधरा-वीस मिनिटांवर येतो आणि फॉलोअपला पाच मिनिटं लागतात. तीस पेशंट असले आणि वेळ दहाच जणांपुरता असला, तर स्क्रीनिंगच्या गुणांनुसार दहा निवडा आणि त्या दहांची नोंद पूर्ण करा. तिसांच्या तीस अर्धवट नोंदी कुणाच्याच कामाच्या नसतात. हे माझं स्पष्ट मत आहे आणि काही वरिष्ठांना ते पटत नाही. त्यांना आकडा हवा असतो. अशा वेळी महिन्याच्या अहवालात 'पाहिलेले पेशंट' आणि 'स्क्रीनिंगमध्ये धोका आढळलेले पण वेळेअभावी न पाहिलेले पेशंट' असे दोन रकाने द्या. दुसरं पद मागायला या दुसऱ्या रकान्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

सुरुवात कुठून करायची

सगळा दवाखाना एकदम बदलायला जाऊ नका. एक वॉर्ड निवडा, शक्यतो जिथल्या इन्चार्ज सिस्टर तुमच्याशी बोलतात तो. एका पानाचा फॉर्म करा: वरती पाच कप्पे, मधे निदानाच्या वाक्यासाठी तीन ठळक रकाने, खाली उपाय आणि पुढची तारीख. आपल्याकडे सारखी सारखी येणारी दहा-बारा आहारनिदानं एका कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा. पूर्ण यादी पाठ करायची गरज नाही. मधुमेह, डायलिसिस, टीबी, भाजलेले, बाळंतिणी, एवढ्यात बहुतेक काम येतं.

महिन्याच्या शेवटी स्वतःच्याच दहा फायली काढा आणि चार गोष्टी पाहा. निदानात मूळ लिहिलं आहे का? उपाय त्या मुळावर आहे का? खुणांना आकडे आहेत का? फॉलोअपला तेच आकडे पुन्हा मोजले का? माझ्या पहिल्या महिन्याच्या दहा फायलींपैकी चारही प्रश्नांची उत्तरं 'हो' आलेल्या फक्त दोन होत्या. तिसऱ्या महिन्यात सात झाल्या. शेजारच्या जिल्ह्यात काम करणारी एखादी मैत्रीण असेल तर नाव-गाव झाकून एकमेकींच्या नोंदी वाचा. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, तिला पहिल्याच ओळीत दिसते.

व्यवसायाची चौकटही आता बदलते आहे. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात आहारतज्ज्ञांचा समावेश आहे. आपण काय केलं आणि का केलं, हे कागदावर दाखवता येणं त्यामुळे आणखी गरजेचं झालं आहे.

आजी वेळ अमावस्येनंतर परत आल्या, शेजारच्या सुनेसोबत. मी त्या दिवशी रजेवर होते. नव्यानं लागलेल्या मुलीनं त्यांना पाहिलं. तिनं माझी नोंद वाचली आणि खाली लिहिलं: 'कवळी बसवली आहे, अजून टोचते, भाकरीचा मऊ भागच खातात. वजन ४०.२. दंत विभागाकडे कवळी घासून घेण्यासाठी पुन्हा पाठवले. कण्या व घुटे चालू. पुढील तारीख: १५ दिवसांनी.'